नसलेल्या जारचा मागोवा

२००७च्या ऑगस्टमध्ये लॉग४जे या जावा लायब्ररीची १.२.१५ ही आवृत्ती बाहेर पडली. लॉग४जेचं काम तसं कारकुनी. प्रोग्राम चालताना काय काय घडलं ते ओळीओळीने फाइलमध्ये लिहून ठेवायचं. त्या काळी जावात लिहिलेल्या बहुतेक मोठ्या प्रणालींत ही लायब्ररी कुठे ना कुठे असायचीच. नवी आवृत्ती किरकोळ सुधारणांची होती. पण ज्यांनी आपल्या प्रोजेक्टमध्ये १.२.१४ खोडून १.२.१५ लिहिलं आणि मेव्हन हे प्रोग्राम बांधणारं साधन चालवलं, त्यांचा बिल्ड तिथेच आडवा झाला. जेएमएक्सआरआय नावाची जार (लायब्ररीची फाइल) सापडत नाही, जेएमएक्सटूल्स सापडत नाही, जेएमएस सापडत नाही, अशी तक्रार पडद्यावर यायची.

सापडणार तरी कशा? तिन्ही जार सन मायक्रोसिस्टिम्सच्या होत्या आणि सनच्या परवान्यामुळे त्या मेव्हनच्या मध्यवर्ती भांडारात, म्हणजे मेव्हन सेंट्रलमध्ये, ठेवताच येत नव्हत्या. लॉग४जेसोबत जी पॉम फाइल येते, म्हणजे ‘मला आणखी काय काय लागतं’ याची यादी, तिच्यात मात्र ही तीन नावं सक्तीची म्हणून लिहिलेली होती. बरं, त्यांची गरज कुणाला होती? लॉगच्या नोंदी जेएमएस रांगेत पाठवणाऱ्या किंवा जेएमएक्सवरून लॉगची पातळी बदलणाऱ्या थोड्या लोकांना. बाकीच्यांना फक्त फाइलमध्ये चार ओळी लिहायच्या होत्या. मेव्हन त्यांना सल्ला द्यायचा की जार स्वतः उतरवून घ्या आणि अमुक कमांड देऊन हाताने बसवा. म्हणजे सनच्या संकेतस्थळावर जा, परवान्याला मान्यता द्या, फाइल घ्या, आणि हे टीममधल्या प्रत्येक यंत्रावर करा.

दुरुस्त आवृत्ती, १.२.१६, यायला २०१० उजाडलं. मधल्या काळात ज्याने त्याने आपापल्या पॉममध्ये ‘ही तीन नावं वगळा’ असं सांगणाऱ्या डझनभर ओळी टाकल्या. जावावाल्यांच्या भाषेत ‘एक्सक्लूजन मारलं’. काहीजण गुपचूप १.२.१४वर परत गेले. माझ्या मते तेच जास्त शहाणे.

हे सगळं पुण्याजवळच्या मुळशी तालुक्याशी कुठे येऊन भिडतं? हिंजवडी आणि माण ही दोन्ही गावं या तालुक्यातली, आणि राजीव गांधी इन्फोटेक पार्क त्यांच्याच जमिनीवर उभं राहिलेलं. पुण्याच्या बाहेरच्या लोकांना ‘मुळशी’ म्हटलं की धरण आणि सेनापती बापटांचा सत्याग्रह आठवतो. जावा कुणाला आठवत नाही. पण इथल्या आयटी कामाचा मोठा भाग नवं काही घडवण्याचा नसून दुसऱ्यांच्या चालत्या प्रणाली सांभाळण्याचा आहे. त्या प्रणाली अमेरिका-युरोपातल्या बँकांच्या, विमा कंपन्यांच्या, मोठ्या दुकानदारांच्या असतात. अशा कामात तुटलेली डिपेन्डन्सी, म्हणजे न सापडणारी किंवा न जुळणारी लायब्ररी, हा अपघात राहत नाही, तो आठवड्याच्या कामाचाच भाग होतो. लायब्ररी मोडते एका ठिकाणी, कुणाच्या तरी एका चुकीच्या ओळीत. दुरुस्त मात्र होते हजारो ठिकाणी, वापरणाऱ्यांच्या घरी. मला हा मागोवा घ्यावासा वाटतो तो या विषम वाटणीसाठी.

या प्रश्नाचं मूळ बरंच मागे आहे. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक हे साधन लिहिलं. निमित्त एका सहकाऱ्याच्या संतापाचं होतं. त्याने प्रोग्राममधली चूक दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कम्पाइलच झाली नव्हती, आणि बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधण्यात त्याची सकाळ गेली होती. कोणती फाइल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे हे लिहून ठेवलं तर यंत्रच ठरवील की पुन्हा काय बांधायचं, एवढी साधी कल्पना. मेकमध्ये आज्ञेच्या आधी टॅब लागतो, स्पेस चालत नाही. यावरून कितीतरी पिढ्यांनी केस उपटले आहेत. ही चूक आहे हे फेल्डमन यांना लवकरच कळलं होतं. पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते आणि त्यांची घडी विस्कटायची नाही म्हणून टॅब तसाच ठेवला गेला. डझनभर लोकांच्या सोयीसाठी ठेवलेला तो टॅब पुढे कोट्यवधींच्या वाट्याला आला.

मेकमधलं अवलंबन एकाच यंत्रावरच्या आपल्याच फाइलींचं होतं. परक्याच्या लायब्ररीवर अवलंबून राहण्याचा प्रश्न जावाने मोठा केला. १९९७च्या जेडीके १.१मध्ये जार आली. ही एक झिप फाइलच, आत कम्पाइल झालेले क्लास. क्लासपाथ नावाच्या यादीत जारची नावं ओळीने लिहायची आणि जावा ती यादी वरून खाली बघत जातं. हवा तो क्लास ज्या जारमध्ये आधी दिसला ती जार खरी. तीच लायब्ररी पुढे दुसऱ्या आवृत्तीत पुन्हा असली तरी तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. आणि क्लास सापडला, पण त्यात हवी ती मेथडच नसली, तर ते बांधताना कळत नाही. प्रोग्राम चालू झाल्यावर, नेमक्या त्या ओळीवर पाय पडला की ‘नो सच मेथड एरर’ येते. जावात लायब्ररी तुटण्याचा सगळ्यात वाईट प्रकार हा. बिल्ड हिरवा, चाचण्या हिरव्या, आणि शुक्रवारी रात्री ग्राहकाच्या सर्व्हरवर सगळं पालथं.

पहिली काही वर्षं प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ‘लिब’ नावाचं फोल्डर असायचं आणि सगळ्या जार त्यात, सीव्हीएस या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात कोडसोबतच ठेवलेल्या. पुष्कळ जारच्या नावात आवृत्तीच नसे. ही कुठून आणली असं विचारलं तर ‘मागच्या प्रोजेक्टमधून’ एवढंच उत्तर. जार हरवण्याचा प्रश्न नव्हता, कारण ती डोळ्यांसमोर होती. तिचा जन्मदाखला तेवढा नव्हता. याच काळात जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हर बांधण्यासाठी अँट लिहिलं. स्वतंत्र साधन म्हणून ते २००० सालच्या जुलैत आलं आणि मेकच्या टॅबपासून जावावाल्यांची सुटका झाली. बांधायचं कसं हे अँटला पक्कं ठाऊक होतं. जार आणायच्या कुठून, हे त्याला कुणी विचारलंही नाही.

जार वाढत गेल्या त्या अपाचे या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या जकार्ता कॉमन्स या प्रकल्पामुळे. फाइल वाचायला कॉमन्स-आयओ, याद्या-नकाशांसाठी कॉमन्स-कलेक्शन्स, डेटाबेस जोडण्यांसाठी कॉमन्स-डीबीसीपी, नोंदींसाठी कॉमन्स-लॉगिंग. लहान लहान सुटे भाग, फुकट आणि चांगले. पुण्याचे हर्षद ओक यांनी यावर ‘प्रो जकार्ता कॉमन्स’ हे पुस्तक लिहिलं. ते २००४ साली अमेरिकेतल्या एप्रेसने काढलं. पुढे त्यांनी इंडिकथ्रेड्सच्या माध्यमातून पुण्यात जावाच्या परिषदाही भरवल्या. जो भाग आधीच कुणी नीट लिहिला आहे तो पुन्हा लिहू नका, हा सल्ला त्या पिढीने मनावर घेतला आणि योग्यच केलं. त्याचा हिशेब मात्र लिब फोल्डरमध्ये दिसायला लागला. तिथे पूर्वी पाच जार असायच्या, आता पन्नास झाल्या. कुठली कुणासाठी आली आहे हे सांगणारा माणूस कंपनी सोडून गेलेला.

त्या गर्दीवरचा उतारा म्हणून मेव्हन आलं. जेसन व्हॅन झिल यांनी जकार्ताच्याच टर्बाइन प्रकल्पात ते सुरू केलं. पहिली आवृत्ती २००४च्या जुलैत, आणि खरी क्रांती केलेली दुसरी २००५च्या ऑक्टोबरात. आता जार प्रोजेक्टमध्ये ठेवायच्या नाहीत, फक्त नाव आणि आवृत्ती लिहायची. मेव्हन ती मध्यवर्ती भांडारातून आणतो. हे भांडार सुरुवातीला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या आयबिब्लिओ या सार्वजनिक ग्रंथसंग्रहाच्या सर्व्हरवर होतं. दुसऱ्या आवृत्तीत आणखी एक सोय आली. तुम्ही मागितलेल्या लायब्ररीला ज्या लायब्ररी लागतात त्याही मेव्हन आपणहून आणतो, आणि त्यांना लागणाऱ्याही. आपण एकाच घरी पत्रिका द्यावी आणि वर ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापलेलं असावं, तसं. परिवारात कोण कोण मोडतं ते पाहुणा ठरवतो.

२००६ साली कॉमन्स-लॉगिंगच्या १.१ने हा परिवार किती मोठा असू शकतो ते दाखवलं. ही इवलीशी लायब्ररी, काम फक्त नोंदी दुसऱ्या एखाद्या लॉगिंग लायब्ररीच्या स्वाधीन करण्याचं. तिच्या पॉममध्ये लॉग४जे, लॉगकिट, ॲव्हलॉन आणि सर्व्हलेट एपीआय ही चारही नावं सक्तीची म्हणून गेली. हिला ज्यांच्या ज्यांच्याशी बोलता येतं त्या सगळ्यांना हिने सोबत आणलं होतं. त्यातला ॲव्हलॉन प्रकल्प तर अपाचेने आधीच बंद केलेला. १.१.१मध्ये ही नावं ऐच्छिक झाली, पण १.१ भांडारात तशीच राहिली. कंटाळलेल्या कुणीतरी कॉमन्स-लॉगिंगची ‘९९.०-डझ-नॉट-एक्झिस्ट’ नावाची आवृत्ती बनवली. आत काहीच नाही, रिकामी जार. मेव्हनला वाटावं की लायब्ररी मिळाली, आणि प्रत्यक्षात काहीच येऊ नये. जावाच्या इतिहासातली ही माझी सगळ्यात आवडती जार.

भांडारातलं जसंच्या तसं राहतं, कारण मेव्हन सेंट्रलचा नियमच तसा. एकदा ठेवलेली आवृत्ती बदलायची नाही, काढायचीही नाही. नियम मला पटतो. नसता तर काय होतं ते २०१६च्या मार्चमध्ये जावास्क्रिप्टवाल्यांनी अनुभवलं. एका लेखकाने वादातून आपली ‘लेफ्ट-पॅड’ ही ११ ओळींची लायब्ररी एनपीएम या त्यांच्या भांडारातून काढून घेतली आणि जगभर बिल्ड कोसळले. जावात तसं होत नाही. पण त्याची किंमत अशी की चुकीची पॉमही अजरामर होते, आणि ती चूक चुकवण्याचं काम दर वेळी पुढच्याकडे जातं.

आवृत्तीच्या आकड्यांची गोष्ट याहून गमतीची. २००३-०४च्या सुमारास कॉमन्सच्या काही जार तारखेलाच आवृत्ती मानून भांडारात गेल्या होत्या. कॉमन्स-आयओची आवृत्ती २००३०२०३.०००५५०, कॉमन्स-कलेक्शन्सची २००४०६१६. बाकीच्या आवृत्त्यांचे आकडे मात्र नेहमीचेच, १.०, २.०, ३.० असे. आता यंत्राला विचारा, २.४ मोठी की २००३०२०३? नवी आवृत्ती आली आहे का हे तपासणारी साधनं त्यामुळे वर्षानुवर्षं २००३ सालची जार ‘अद्ययावत’ म्हणून सुचवत राहिली. हा प्रश्न पुढे ग्रॅडलमुळे आणखी तिखट झाला. २००८ साली सुरू झालेलं, हान्स डॉक्टर यांचं हे साधन अँड्रॉइडने स्वीकारलं आणि घरोघरी पोचलं. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या समोर आल्या तर मेव्हन आपल्या प्रोजेक्टला डिपेन्डन्सीच्या झाडात जी जवळ असेल ती घेतो, मग ती जुनी का असेना. ग्रॅडल सगळ्यात मोठ्या आकड्याची घेतो. दोन्ही नियमांना तर्क आहे. दोन्ही नियम चुकीची जार निवडू शकतात, फक्त वेगवेगळ्या दिवशी.

या सगळ्यातून एक लोकविद्या तयार झाली आणि तिच्यावर कुणी पुस्तक लिहिलेलं नाही. बिल्ड तुटला की शेजारच्या खुर्चीवरून पहिला सल्ला येतो, ‘डॉट-एम-टू उडवून बघ’. मेव्हन उतरवलेल्या सगळ्या जार आपल्या यंत्रावर ज्या फोल्डरमध्ये साठवतो ते डॉट-एम-टू. ते उडवायचं आणि सगळं नव्याने उतरवायचं. ऐकायला हा अघोरी उपाय वाटतो, पण त्यामागे कारण आहे. एखादी जार मिळाली नाही तर मेव्हन ते अपयशही लिहून ठेवतो, ‘लास्टअपडेटेड’ शेपटीची एक छोटी फाइल करून, आणि मग दिवसभर त्या जारचं नाव पुन्हा घेत नाही. नेटवर्क पाच मिनिटांसाठी गेलं होतं हे त्याला सांगायचं कसं? सक्तीने पुन्हा बघायला लावणारा ‘डॅश कॅपिटल यू’ हा पर्याय आहे, पण तो फार थोड्यांच्या हाताशी असतो. दुसरं कारण ऑफिसचा प्रॉक्सी. लॉगिन संपलेलं असेल तर जार मागितल्यावर प्रॉक्सी आपलं लॉगिनचं पान परत देतो, आणि मेव्हन ते पान जारच्या नावाने इमानेइतबारे साठवतो. चेकसम, म्हणजे फाइल शाबूत आली का हे सांगणारा आकडा, जुळला नाही तर बराच काळ मेव्हनचं धोरण फक्त कुरकुर करून पुढे जायचं होतं. मग ‘झिप फाइल उघडत नाही’ म्हणून माणूस तासभर बसतो. फोल्डर उडवण्याचा सल्ला देणाऱ्यांपैकी फार कमी जणांना यातलं कारण माहीत असतं. तरी सल्ला बहुतेक वेळा लागू पडतो.

भांडाराचा पत्ताही कायमचा नसतो. १५ जानेवारी २०२०, संक्रांतीच्या दिवशी, मेव्हन सेंट्रलने साध्या एचटीटीपीवरून जार देणं बंद केलं. जुन्या मेव्हनच्या आणि जुन्या सेटिंगच्या बिल्डना ‘५०१, एचटीटीपीएस हवं’ असं उत्तर मिळू लागलं. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय उशिराच झालेला, आणि आगाऊ सूचनाही दिलेली होती. पण ज्या प्रणालींना पाच वर्षांत कुणी हात लावला नव्हता त्यांच्या वतीने ती सूचना वाचणार कोण? पुढच्या वर्षी १ मे रोजी, आपल्या महाराष्ट्रदिनी, जेफ्रॉग कंपनीने बिनट्रे ही लायब्ररी वाटणारी आपली सेवा बंद केली. अँड्रॉइडवाले ज्याच्यावर विसंबून होते ते तिचंच जेसेंटर हे भांडार तोवर नव्या जारांसाठी बंद झालं होतं, आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये त्याची वाट मेव्हन सेंट्रलकडे वळवली गेली. ज्या लायब्ररी फक्त जेसेंटरवरच होत्या त्यांच्यावर टिकलेली ॲप्स अडकली.

कधी भांडार जागेवर असतं, जार जागेवर असते आणि नावच बदलतं. सनची जागा घेतलेल्या ऑरॅकलने २०१७ साली जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनच्या हवाली करायचं ठरवलं, पण ‘जावाएक्स’ या नावाखाली पुढचा विकास करण्याचा हक्क काही दिला नाही. म्हणून २०२०च्या अखेरीस हजारो क्लासच्या नावात ‘जावाएक्स’च्या जागी ‘जकार्ता’ आलं. नोव्हेंबर २०२२मध्ये स्प्रिंग बूट ३ आलं ते हेच नवं नाव मागत. आतला कोड तोच, पण जुन्या नावाची लायब्ररी नव्या नावाच्या लायब्ररीला ओळख देत नाही. दोन संस्थांच्या वकिलांचं जमलं नाही, त्याची भरपाई ‘फाइंड अँड रिप्लेस’ने झाली. ती करणारे टेबल हिंजवडीतही होते.

आणि मग पुन्हा लॉग४जे. ९ डिसेंबर २०२१ रोजी लॉग४शेल हे सुरक्षेतलं छिद्र जगजाहीर झालं. लॉगमध्ये लिहिल्या जाणाऱ्या मजकुरात एक विशिष्ट ओळ घुसवली की लॉग४जे २ बाहेरून परका कोड आणून चालवत असे. अपाचेने महिना संपायच्या आत २.१५, २.१६, २.१७ आणि २.१७.१ अशा चार आवृत्त्या काढल्या. या वेळी मूळ जागी दुरुस्ती विलक्षण वेगाने झाली. तरीही प्रत्येक प्रोजेक्टला आधी स्वतःशीच विचारावं लागलं, ‘आपल्यात लॉग४जे आहे का?’ थेट यादीत नाव नसायचं. डिपेन्डन्सीचं झाड छापून बघितलं की चौथ्या-पाचव्या फांदीवर ते लोंबकळत असायचं, किंवा दुसऱ्याच एखाद्या जारच्या पोटात मिसळून टाकलेलं. कोविडच्या साथीमुळे तेव्हा पुष्कळ लोक घरून काम करत होते. हे झाड छापण्याचं काम हिंजवडीच्या काचेच्या इमारतींइतकंच आसपासच्या गावांतल्या घरांमधूनही झालं. गंमत म्हणजे जे लोक कधीच नव्या आवृत्तीवर गेले नाहीत, लॉग४जेच्या १.२ मालिकेवरच बसून राहिले, त्यांना हे नेमकं छिद्र नव्हतंच. त्यांच्या जारला मात्र २०१५ पासून कुणी वाली नव्हता. मूळ लेखक जेकी ग्युल्जू यांनी २०२२च्या जानेवारीत ‘रीलोड४जे’ नावाने तिला नवा वारस दिला.

त्या डिसेंबरमुळे अशा यादीला किंमत आली. अमेरिकी सरकारने सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी, एसबॉम, मागायला २०२१च्या मेमध्येच सुरुवात केली होती. मुंबईच्या सेबीने २०२४च्या ऑगस्टमध्ये आपल्या सायबर चौकटीत ती घातली आणि दलाल, म्युच्युअल फंड, डिपॉझिटरी यांच्या महत्त्वाच्या प्रणालींना ती लागू झाली. कल्पना कारखान्यातून उचललेली. मुळशीतल्याच पिरंगुट-घोटवड्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या कुठल्याही सुपरवायझरला बिल ऑफ मटेरियल म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कुठला नट कुठल्या पुरवठादाराकडून आणि कुठल्या खेपेतला, हे त्या कागदावर असतं. जावावाल्यांना तोच कागद बनवायला पंचवीस वर्षं लागली.

एसबॉममध्ये लायब्ररीचं नाव येतं, आवृत्ती येते, परवाना येतो. एक्सक्लूजन का मारलं हे येत नाही. २००८ साली लॉग४जे १.२.१५साठी टाकलेल्या त्या डझनभर ओळी नंतर एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात चिकटवल्या गेल्या. आज त्या प्रोजेक्टमध्ये लॉग४जे १ उरलेलंही नाही, तरी ओळी आहेत, कारण काढल्या आणि काही मोडलं तर कुणाच्या गळ्यात? नव्याने आलेली मुलगी विचारते की हे जेएमएक्सआरआय काय आहे. जुना माणूस म्हणतो, असू दे. गिटमध्ये मागे मागे जाऊन बघितलं तर तिला एक कमिट सापडते आणि त्यावर दोनच शब्द असतात: ‘बिल्ड फिक्स’.